येळवस: लातूर-नांदेडचे हिवाळी शिवार

मार्गशीर्ष अमावस्येला सकाळी दहाच्या पुढे लातुरात उतरलेल्या परक्या माणसाला वाटेल, गावात काहीतरी आक्रीत घडले आहे. १९१७ साली उभ्या राहिलेल्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि एरवी तिथे खांद्याला खांदा घासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या दिवशी गोलाईला सुखाने फेरी मारता येते. आडतीत सौदा नाही, डाळ गिरण्या थंड, शिकवणी वर्गांच्या गल्लीत एकही सायकल नाही. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे याला ‘अघोषित संचारबंदी’ म्हणतात. लोक गेलेले असतात शेतात. ज्यांचे शेत आहे ते आपल्या, ज्यांचे नाही ते भावकीतल्या, मित्राच्या, घरमालकाच्या, दुकानातल्या गड्याच्या शेतात. एक अख्खे जिल्ह्याचे शहर एका दिवसापुरते रानात राहायला जाते, तेही ऐन थंडीत.

या दिवसाचे पंचांगातले नाव दर्शवेळा अमावस्या. शहाणेसुरते लोक वेळ अमावस्या म्हणतात आणि बाकी सगळे येळवस. लातूर जिल्हा हे तिचे माहेर. धाराशिवमध्ये ती तितक्याच जोरात असते, आणि नांदेड, बीड, सोलापूरच्या लातूरला चिकटलेल्या तालुक्यांतही. सीमा ओलांडून बिदर-कलबुर्गीकडे गेलो तर हाच दिवस एळ्ळ अमावस्या म्हणून साजरा होतो, भाकरीही तीच आणि आंबिलही तीच. पुण्या-मुंबईत मात्र येळवस म्हटले की समोरचा माणूस भुवया उंचावतो. लातूरचे जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. ती जाहीर केली नसती तरी कचेऱ्यांत कोण सापडले असते, हा प्रश्नच आहे.

तिथीचा सण असल्याने इंग्रजी तारखेत तो डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पुढेमागे सरकतो. यातून कधीकधी गंमत होते. २०२२ ची येळवस २३ डिसेंबरला आली. पुढच्या वर्षी अधिक श्रावण पडला, सगळे सण पुढे ढकलले गेले, आणि नंतरची येळवस उगवली ती थेट ११ जानेवारी २०२४ ला. म्हणजे २०२३ या वर्षात येळवस झालीच नाही. त्याची भरपाई लगेच झाली, कारण ३० डिसेंबर २०२४ ला ती पुन्हा आली आणि एकाच इंग्रजी वर्षात दोन येळवशी बसल्या.

मराठवाडा आणि थंडी हे दोन शब्द बाहेरच्या माणसाला एकत्र सुचत नाहीत. त्याला आठवतात टँकर, तडकलेली तळी आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली जलदूत रेल्वे. ते खोटे नाही. पण उन्हाळ्यावरून या मुलखाची परीक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. लातूर-उदगीरचा भाग बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरच्या आगेमागे आहे. गोदाकाठचे नांदेड त्याहून बरेच खाली, साडेतीनशे-पावणेचारशे मीटरवर. समुद्र दोन्हीकडून दूर, त्यामुळे हवा कोरडी. डिसेंबरात आभाळ निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन सूर्य बुडताच उष्णता सोडू लागते आणि ती अडवायला वर ना ढग, ना हवेत दमटपणा. त्यात उत्तरेचे वारे सुटले, की पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो. दुपारी मात्र तोच पारा अठ्ठावीस-तीसला टेकतो. पहाटे घोंगडे आणि दुपारी झाडाची सावली, दोन्ही एकाच दिवशी लागतात. म्हणूनच थंडीच्या सणाला थंडगार आंबिल पिण्यात इथे कुणाला विसंगती वाटत नाही. येळवशीचे जेवण होते ते उन्हाच्या वेळी.

पहाटेचे शिवार पाहायचे तर हरभऱ्याच्या रानापासून सुरुवात करावी. पाने दवाने भिजलेली असतात, पण ते नुसते दव नसते. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि त्या लवेतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. ते दवात मिसळून जे तयार होते त्याला आंब म्हणतात. अनवाणी चालले तर पायाला चुणचुणते, बोट चाटले तर जीभ आंबट होते. जुनी माणसे रात्री हरभऱ्यावर स्वच्छ धोतर पसरून ठेवत, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरत आणि पोटदुखीसाठी वर्षभर वापरत. हरभऱ्याच्या भाजीला जी जन्मजात आंबटसर चव असते, तीही याचमुळे. भाजी खुडायची ती फुले येण्याआधी. शेंडे खुडले की झाड फुटवे करते, म्हणजे भाजीही मिळते आणि पीकही वाढते.

हरभऱ्याच्या पलीकडे ज्वारी उभी असते, आणि या मुलखाचे खरे नवल ती आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या या शाळूला पुढे पाऊस मिळाला तर मिळाला. एरवी ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर चार महिने काढते. दख्खनच्या लाव्ह्यापासून झालेली ही काळी माती चिकण असते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. तिच्या बारीक कणांत पाणी दीर्घकाळ धरून राहते. ज्वारीची मुळे मीटरभराहून खोल जाऊन ते पाणी शोधतात. वर थंडी असल्याने पानांतून बाष्प कमी उडते. जमिनीची ओल आणि आभाळाची थंडी यांच्या जोडीवर मालदांडीसारखे वाण पिकतात. थंडी कमी पडली की ज्वारीचे उत्पन्न घटते, हे शेतकरी हवामानखात्याच्या आधीपासून सांगत आला आहे. येळवशीच्या सुमारास ही ज्वारी पोटऱ्यात असते किंवा नुकती निसवत असते. कडेला करडईची काटेरी ओळ, मध्येच जवसाची निळी फुले, बांधावर पिकत आलेली तूर. करडई काठाला लावण्यामागे हिशेब आहे. तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही.

कणसात दूध भरू लागले की भोरड्या येतात. गुलाबी अंग आणि काळे डोके असलेला हा पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात घरटी करतो, तिथे टोळ आणि नाकतोडे खाऊन पिले वाढवतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडे उतरतो. तिकडचा शेतकऱ्याचा मित्र इकडे येऊन ज्वारीचा वैरी होतो. हजारोंच्या थव्याने त्या एकदम वळतात तेव्हा आभाळात काळे कापड झटकल्यासारखे दिसते. पाहुण्याने कॅमेरा काढावा अशी ती वेळ. शेताचा धनी मात्र माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत असतो.

येळवशीची तयारी चार-पाच दिवस आधी सुरू होते आणि ती बहुतेक बायकांच्या अंगावर असते. तुरीच्या, वाटाण्याच्या, वालाच्या, घेवड्याच्या शेंगा सोलायच्या, ओले हरभरे सोलायचे, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे पीठ दळून आणायचे, तीळ-शेंगदाण्याचे कूट करायचे. अमावस्येच्या आदल्या रात्री चूल विझतच नाही. सगळ्या गावाची सुट्टी ज्या स्वयंपाकावर उभी असते, तो करणाऱ्यांना सुट्टी नसते, हे सणाचे कौतुक करताना विसरू नये. अलीकडे काही घरांत पुरुष शेंगा सोलायला बसतात. बसायलाच हवे.

त्या स्वयंपाकातला मुख्य पदार्थ भज्जी. तळलेल्या भज्यांशी तिचा संबंध नाही. सोललेले सगळे ओले दाणे, वांगे, गाजर, मेथी, पालक, हरभऱ्याची कोवळी पाने, हिरवी मिरची, लसूण असे रानात त्या आठवड्यात जे असेल ते एकत्र शिजवायचे. चिंचेचा कोळ आणि बेसनाचे पीठ लावून दाटसर करायचे. एका अर्थाने ती हंगामाची नोंदवही आहे. ज्या वर्षी जे पिकले नाही ते त्या वर्षीच्या भज्जीत नसते. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूर डाळ आणि कास्तीची कोथिंबीर. मानांकन देणाऱ्यांच्या मनात येळवस होती की नाही, ठाऊक नाही, पण चिंच, तूर आणि कोथिंबीर ही तिन्ही भज्जीच्या भांड्यातली.

भज्जीबरोबर सजगुऱ्याचे उंडे. पीठ मळून, गोळे करून ते वाफवायचे आणि भज्जीत कुस्करून खायचे. सोबत ज्वारीची आणि बाजरीची भाकरी, तिळाच्या व शेंगदाण्याच्या पोळ्या, वांग्याचे भरीत, गव्हाची खीर, भात. आणि आंबिल. ज्वारीचे पीठ आदल्या दिवशी भिजवून आंबवायचे, शिजवून गार करायचे, त्यात ताक, लसूण, जिरे, कोथिंबीर, मीठ घालायचे. रात्रभरात पिठातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, तीच आंबिलाची चव. ती मातीच्या बिंदग्यात ठेवली तर पाझरणाऱ्या मातीमुळे गार राहते. हे बिंदगे घोंगडीत गुंडाळून घरातला पुरुष डोक्यावर घेतो आणि अनवाणी शेताची वाट धरतो. मागून टोपल्या घेतलेल्या बायका आणि पुढे पळणारी पोरे. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागे, आता ट्रॅक्टर, रिक्षा आणि मोटारींची लागते. लातुरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर त्या सकाळी जेवढी गर्दी असते, तेवढी दिवाळीतही नसते.

शेतात कडब्याची कोप आधीच उभी केलेली असते. तिचे तोंड बहुधा पूर्वेकडे. आत पाच दगड मांडतात, त्यांना चुना आणि काव लावतात. हे पांडव. शेजारी लक्ष्मी, म्हणजे तीच जमीन, जिच्यावर आपण बसलो आहोत. कोपीवर शाल किंवा नवे कापड घालतात, नैवेद्य दाखवतात. मग एक जण आंबिलाचे भांडे घेतो, दुसरा डहाळीने ती पिकावर शिंपडत शेताभोवती फेरी घालतो, आणि बाकीचे एक ठरलेली हाळी देत मागे चालतात. ती हाळी धड मराठीही नाही आणि कानडीही नाही. अर्थ विचारला तर दहा जण दहा सांगतात आणि अकरावा म्हणतो, “अर्थ कशाला पाहिजे, मोठ्यानं म्हणा.” कर्नाटकात या विधीला चरग म्हणतात. मराठी बाजूला बरेच जण चर शिंपणे म्हणतात.

पिकाला माणसासारखे जेवू घालण्याची ही कल्पना फक्त इथली नाही. इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट परगण्यात सफरचंदाच्या बागा आहेत. तिथल्या कारहॅम्प्टन गावात १७ जानेवारीच्या रात्री लोक बागेत जमतात, सर्वांत जुन्या झाडाच्या मुळाशी सफरचंदाची दारू ओततात, तीत भिजवलेले पावाचे तुकडे फांद्यांत अडकवतात आणि अपशकुन पळावेत म्हणून बंदुकीचे बार काढतात. या प्रथेला वासेल म्हणतात. तारखेचीही तीच भानगड. १७५२ साली इंग्रजांनी पंचांग बदलून अकरा दिवस वगळले, पण बागायतदारांनी जुनीच रात्र धरून ठेवली. फरक एवढाच, की तिकडे झाड निष्पर्ण आणि झोपलेले असते, त्याला जागे करायचे असते. इकडे ज्वारी पोटुशी असते आणि तिला खाऊ घालायचे असते.

पूजा उरकली की पंगत. येळवशीच्या पंगतीला निमंत्रण नसते. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही, तो ओळखीचा असो वा नसो, हाक मारून बसवतात. परगावचा माणूस पाच शेतांच्या बांधांवरून गेला, तर त्याला पाच वेळा जेवावे लागते. “आमच्यात थोडी आंबिल तरी” हे वाक्य टाळता येत नाही. ज्याच्याकडे पाहुणे जास्त त्याची येळवस चांगली, असा इथला हिशेब. भाड्याने राहणारे विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी, रस्त्याच्या कामावरचे परप्रांतीय मजूर असे सगळे कुठल्या ना कुठल्या कोपीजवळ सापडतात. जेवणानंतर चिंचेच्या झाडाला झोका, पोरांचे पतंग, बाप्यांची झोप.

संध्याकाळी हेंडगा पेटतो. कडब्याची किंवा गवताची पेंढी पेटवून ती घेऊन पिकाच्या कडेने धावतात, कीड-रोग निघून जावेत म्हणून. काही गावांत छोट्या बोळक्यात दूध तापवून उतू घालतात. ज्या दिशेला ते उतू जाईल, त्या दिशेकडून पुढच्या वर्षी पाऊस चांगला. अमावस्या असल्याने अंधार पडताच आभाळ उघडते. पूर्वेला मृग वर चढलेला असतो, त्याच्या पुढे रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. मार्गशीर्ष महिन्याला नाव देणारे नक्षत्र त्या महिन्यात रात्रभर डोक्यावर असते, आणि चंद्र नसल्याने ते इतके स्वच्छ दिसते, की शहरातून आलेल्या पोराला आपल्याकडे एवढे तारे आहेत यावर विश्वास बसत नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी नांदेड जिल्ह्यात वेगळाच मेळा भरलेला असतो. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या महामार्गावर लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. तिथला खंडोबा. जेजुरी चंपाषष्ठीला गजबजते, माळेगाव त्यानंतर तीन आठवड्यांनी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला. त्या दिवशी देवस्वारी निघते, बेल-भंडारा आणि खोबऱ्याची उधळण होते, वाघ्या-मुरळी आणि वारू उतरतात, आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात माळरानावर चार-पाच दिवसांचे गाव वसते. जिल्हा परिषद यात्रेची व्यवस्था पाहते. कुस्त्यांची दंगल, लावणी महोत्सव, पशुप्रदर्शन हे सगळे सरकारी कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते.

माळेगावची खरी ओळख जनावरांची. घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार इथे भरतो. तेलंगण, कर्नाटक आणि त्याहून लांबचे व्यापारी येतात. गाढव विकत घेणारा दात पाहतो, मग खूर, मग चालवून पाहतो. भाव मात्र रुमालाखाली बोटांनी ठरतो आणि शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागत नाही. गाढवाला नाव ठेवणाऱ्या माणसाने या बाजारात एकदा तरी उभे राहावे. वीटभट्टी आणि वाळूच्या धंद्यातला हा कामगार किती जोखून घेतला जातो ते पाहण्यासारखे आहे.

पशुप्रदर्शनात दोन गोवंश आमनेसामने असतात, आणि दोन्ही याच मातीतले. लालकंधारी कंधार तालुक्यातली. नावाप्रमाणे गडद तांबडी, कपाळ रुंद, कान लांब आणि लोंबते. उन्हात, कमी चाऱ्यावर, जड काळ्या जमिनीत ओढकामाला या बैलांचा हात कुणी धरत नाही. देवणी लातूरच्या देवणी तालुक्यातली, ओढकामालाही चालते आणि दूधही बरे देते. तिच्यात रंगावरून तीन प्रकार ओळखतात. तोंड काळे आणि अंग पांढरे तो वानेरा, अंग पांढरे आणि खालच्या बाजूला काळे ठिपके तो बाळंक्या, पांढऱ्या अंगावर सगळीकडे वेडेवाकडे काळे ठिपके तो शेवरा. यात्रेतला दहा वर्षांचा पोरगा हे तीन प्रकार लांबून सांगतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैल घटले, हे खरे. पण माळेगावला चांगल्या वळूभोवती जी गर्दी होते, तिच्यात हौस जास्त आणि हिशेब कमी असतो, आणि म्हणूनच वाण टिकून आहे.

या दोन दिवसांच्या अलीकडे-पलीकडे ज्याच्याकडे वेळ आहे, त्याने मोटार महामार्गावरून खाली उतरवावी. लोह्याजवळून कंधारला जाता येते. मन्याड नदीच्या आसऱ्याने वसलेल्या या गावात खंदकाने वेढलेला भुईकोट आहे आणि राष्ट्रकूटांच्या काळापासूनची वस्ती. जगत्तुंग सागर हे तळे त्यांचेच नाव सांगते. इथे क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. नुसते पाऊल पाहिले तरी मूर्ती किती पुरुष उंच असेल याचा अंदाज घेताना मान मागे जाते. हे राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवत. लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे इतिहासकार मानतात. वेरूळचे कैलास कोरणाऱ्या घराण्याला आपले मूळ गाव म्हणून हे पठार सांगावेसे वाटले.

लातूरहून औसा आणि तिथून निलंग्याच्या वाटेवर खरोसा आहे. महाराष्ट्रातली बहुतेक लेणी कठीण बसाल्टात कोरलेली, खरोशाची मात्र जांभ्यात. जांभा म्हटला की आपल्याला कोकण आठवते, पण या पठाराच्या माथ्यावरही त्याची टोपी आहे. हा दगड कापायला सोपा आणि टिकायला अवघड. त्यामुळे सहाव्या ते आठव्या शतकांतल्या मानल्या जाणाऱ्या या शिल्पांचे चेहरे झिजून गेले आहेत. उन्हाळ्यात ही टेकडी चढणे नकोसे होते, डिसेंबरात सकाळी चढायला मजा येते. वरून तांबड्या दगडापलीकडे काळे-हिरवे पट्टे थेट क्षितिजापर्यंत दिसतात. पुढे निलंग्यात नीलकंठेश्वराचे तीन गाभाऱ्यांचे चालुक्य शैलीतले मंदिर आहे आणि त्याच गावात सकाळी गाड्यावर मिळणारा पिवळा, तिखट निलंगा राईस. दोन्ही चुकवू नयेत.

उदगीरचा किल्लाही हिवाळ्यातच पाहावा, कारण त्याची प्रसिद्धी हिवाळ्यातली आहे. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवराव भाऊंच्या फौजेने उदगीर ते औसा या पट्ट्यात निजामाला कोंडून हरवले. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना तेव्हा मराठ्यांच्या बाजूने होता. दसऱ्यानंतर मोहीम काढायची, नद्या उतरलेल्या आणि रानात वैरण उभी असताना ती संपवायची, हे त्या काळचे गणित. हीच विजयी फौज पुढे उत्तरेत गेली, आणि अकरा महिन्यांनी आणखी एका हिवाळ्यात पानिपतावर तिचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

उदगीरहून देगलूरकडे जाताना जमीन बदलते, हे लक्ष देणाऱ्यालाच कळते. काळी माती विरळ होते आणि शेतांत गोल, गुलाबी-करडे धोंडे उभे दिसू लागतात. दख्खनच्या लाव्ह्याचा थर नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात संपतो आणि त्याखालचा, त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. देगलूरजवळ होट्टल आहे, चालुक्यांच्या काळातले मोठे नगर. सिद्धेश्वराच्या मंदिरावरच्या सुरसुंदरी हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात सर्वांत चांगल्या दिसतात, आणि गावात हिवाळ्यात महोत्सवही भरवला गेला आहे.

नांदेडच्या दुसऱ्या टोकाला किनवट तालुक्यात सागाचे जंगल सुरू होते आणि थंडी आणखी बोचरी होते. पैनगंगेच्या काठी उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. पहाटे कुंडावर वाफ तरंगते आणि भाविक व गुडघे धरलेले म्हातारे सारख्याच श्रद्धेने पाण्यात उतरतात. जवळच माहूर आहे, पण त्याच्यासाठी वेगळा लेख लागेल.

येळवस संपली म्हणजे शिवारातला हंगाम संपला, असे नाही. जानेवारीत ज्वारीचे कणीस दाणा धरते, पण दाणा अजून कोवळा असतो. तो हुरडा. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसे खुपसायची, गरम कणीस हातावर चोळून दाणे काढायचे. चोळणाऱ्याचे तळवे आठवडाभर लाल राहतात. सोबत जवसाची चटणी, लसूण-तिळाची चटणी, दही, गूळ. हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती असे गोड दाण्याचे वाण मुद्दाम लावतात. तसाच हरभऱ्याचा हावळा. घाटे लागलेली झाडे उपटून पाल्याच्या जाळावर भाजायची आणि काळी झालेली बोटे लेंग्याला पुसत खायची. हुरडा पार्टी या नावाने हा प्रकार आता शहरांभोवती तिकीट लावून मिळतो. त्यात वाईट काही नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण तिकिटाच्या हुरड्याला आणि बांधावरून मारलेल्या हाकेला एकच नाव देऊ नये.

एक अडचण मात्र वाढते आहे. गेल्या काही दशकांत लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पसरले आणि पाण्याजवळ ऊस. सोयाबीन दिवाळीपूर्वीच निघून जाते आणि त्यामागे बहुतेक हरभरा येतो. ज्वारीचे रान कमी झाले. ज्वारी मेहनतीची, पाखरांपासून राखावी लागते, काढणीला मजूर मिळत नाहीत आणि भावही बेभरवशाचा. ज्वारी कमी झाली म्हणजे कडबा कमी झाला. मग कोप उभी करायला कडब्याच्या पेंढ्या विकत आणाव्या लागतात, किंवा उसाच्या पाचटाने आणि हिरव्या जाळीने काम भागवावे लागते. पांडवांचे पाच दगड त्याखालीही नीट बसतात. तरी आंबिल शिंपायला निघालेल्या माणसाला जेव्हा चारी बाजूंना गुडघ्याएवढा हरभराच दिसतो, तेव्हा ‘ज्वारी कोणत्या पट्ट्यात उरली’ अशी चौकशी होतेच.

बाहेरून येणाऱ्याने एवढे करावे. तिथी पंचांगात आधी पाहावी. नांदेड किंवा लातूर रेल्वेने गाठावे, चतुर्दशीला माळेगाव करावे आणि रात्री लातूरला पोचावे. येळवशीला शहरातले हॉटेल बंद असेल, त्यामुळे सकाळच्या चहापलीकडे कशाची अपेक्षा ठेवू नये. स्वेटर घ्यावा आणि टोपीही, एक पहाटेसाठी, दुसरी दुपारसाठी. मग औशाच्या, निलंग्याच्या, रेणापूरच्या, कुठल्याही रस्त्याने शहराबाहेर पडावे आणि पहिली कोप दिसली की चालत चालत बांधावरून जावे. हाक येईल. ती आल्यावर पोट भरलेय असे सांगू नये, कारण ते कुणी ऐकून घेत नाही.